मधलं माप

कारखान्यात तिचं काम एकच होतं, उभं राहायचं. ऐकणाऱ्याला हे चैनीचं वाटतं. "आमच्या सूनबाईंना उभं राहायचा पगार मिळतो," असं सासूबाई आल्यागेल्याला ऐकवायच्या आणि आलेगेले माना डोलवून हसायचे. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय जुळवून, हात अंगापासून जरा दूर धरून, पोट आत न ओढता आणि बाहेरही न सोडता एकदा उभं राहून बघा म्हणावं. दुपारपर्यंत पोटऱ्यांत गोळे येतात. त्यात अंगावर ड्रेस चढवायचा, चहूबाजूंनी टाचण्या लावून घ्यायच्या, उतरवायचा, दुसरा चढवायचा. टाचणी टोचली तरी हूं की चूं करायचं नाही, कारण अंग हललं की शिवणीची रेघ सरकते आणि मास्तरांचा पारा चढतो.

तयार कपड्यांच्या कारखान्यात अशी एक बाई लागतेच. दुकानात दांडीवर एकसारखे ड्रेस लटकत असतात, त्यांतला पहिलावहिला कुणाच्या तरी जिवंत अंगावर बसवून बघितलेला असतो, हे घेणाऱ्याच्या गावीही नसतं. लाकडी पुतळा असतो, नाही असं नाही. पण पुतळा श्वास घेत नाही, वाकत नाही, खुर्चीत बसल्यावर कुठे आवळतं ते सांगत नाही. आणि ही बाई मधल्या मापाची लागते. लहान, मोठं, त्याहून मोठं, अशी सगळी मापं मधल्यावरूनच काढतात, एकेक पायरी खाली, एकेक पायरी वर. मधलं चुकलं की सगळा माल चुकला. म्हणून तिला सगळे मिडियम म्हणत. हजेरी घेणाराही मिडियमच म्हणे. सुरुवातीला तिला राग यायचा, मग सवय झाली, आणि पुढे पुढे रस्त्यात कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तिला वळून बघायला वेळ लागू लागला.

खरं तर ती आली होती शिलाई मशीनवर काम मागायला. परीक्षेसाठी दिलेली बाही तिने उलटी जोडली. सुपरवायझर तिला दार दाखवणार, एवढ्यात पॅटर्न मास्तर तिथून जाता जाता थांबले. पॅटर्न मास्तर म्हणजे शिवण्याआधी कपडा कागदावर आखणारा माणूस. सॅम्पल रूममध्ये त्याच्या शब्दाबाहेर कुणी नाही. हे मास्तर वयस्कर, चष्मा कपाळावर, टेप गळ्यात. त्यांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, मशीनवरच्या एका बाईला बोलावलं आणि तिच्या हातून माप घ्यायला लावलं. खांदा, छाती, कंबर, कमरेखाली. प्रत्येक आकडा ऐकला की त्यांची मान थोडी हलायची. "तुला टेप लावून घडवलंय की काय," एवढंच ते शेवटी बोलले. तिला वाटलं, नशीब फळफळलं.

त्याच दिवशी मास्तरांनी तिच्या मापाचा जाड पुठ्ठ्याचा साचा कापला. पुढचा भाग, मागचा भाग, बाही. नुसतं अंग, त्यावर ना गळ्याची नक्षी ना खिसा. तो पुठ्ठा खिळ्याला टांगला. कुठलाही नवा कपडा काढायचा झाला की मास्तर आधी तो पुठ्ठा कागदावर ठेवायचे, कडेने पेन्सिल फिरवायचे, आणि मग गळा किती खोल, घेर किती मोठा हे त्यांचं पुढचं काम सुरू व्हायचं. म्हणजे बाहेर जाणाऱ्या एकूण एक कपड्याच्या आत तीच होती. कुठल्या कुठल्या बायका तिचं अंग पांघरून हिंडत असतील, या विचाराची सुरुवातीला तिला गंमत वाटायची.

गंमत फार टिकली नाही. दर सोमवारी टेप लागायचा. अर्ध्या इंचाची माफी होती. त्याच्या पलीकडे गेलं तर दुसरी बाई, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं. मॅडम म्हणजे दुकानदारांशी बोलणाऱ्या, काय शिवायचं नि काय नाही ते ठरवणाऱ्या. तिच्याहून वयाने लहान. तेव्हापासून मिडियमने गोड सोडलं, तळलेलं सोडलं, लग्नाकार्यात ताटावर बसली की घास मोजायला लागली. रविवारी रात्री ती जेवतच नसे. बारीक झाली तरी पंचाईत, म्हणून तापातून उठली की जबरदस्तीने खायची. नवऱ्याचं काम कधी असायचं, कधी नसायचं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि वरिष्ठांशी भांडायचा, आणि दोन्ही सारख्याच मन लावून. तेव्हा घर चालायचं ते तिच्या न बदलण्यावर.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती की पाळणा कधी हलणार हे विचारायचंही लोकांनी सोडून दिलं होतं. सासूबाईंनी मात्र सोडलं नव्हतं. त्या थेट विचारत नसत. शेजारच्या पोरांची कौतुकं करत, आणि करताना हिच्याकडे बघत. मग एकदा महिना चुकला. तिने कुणाला सांगितलं नाही. दुसरा चुकला तेव्हा ती डॉक्टरीणबाईंकडे गेली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहे. परत येताना ती बसमध्ये रडली, आणि शेजारच्या बाईने सरकून जागा दिली.

घरी त्या दिवशी सासूबाईंनी तिला पहिल्यांदा हातात चहा आणून दिला. नवरा गॅलरीत जाऊन उगाचच खाली बघत उभा राहिला. कारखान्यात मात्र तिने तोंड बंद ठेवलं. दिसेल तेव्हा बघू, तोवर चार पगार तरी घरात येतील, असा तिचा हिशोब. कुठल्याही बाईने हाच केला असता. पण सोमवार आला, टेप पोटाभोवती फिरला. तिने डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हटलं, आहे तसंच राहू दे. काय राहू दे आणि कुणाला म्हटलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

टेप होता तिथेच थांबला. तिने सुटकेचा श्वास सोडला.

पुढच्या सोमवारीही तिथेच. त्याच्या पुढच्याही. चौथा महिना लागला, पाचवा लागला. एव्हाना चालण्यावरून कळायला हवं होतं. तिला मळमळत होतं, झोप अनावर होत होती, पाय सुजत होते, सगळं यथासांग चाललं होतं; फक्त पोट तेवढं पाटासारखं सपाट. घरी ती दार लावून स्वतःच टेप लावून बघायची. आकडा तोच. सासूबाईंनी चहा आणून देणं बंद केलं आणि त्या तिच्या पोटाकडे टक लावून बघू लागल्या. "नक्की आहे ना गं," त्या एकदा म्हणाल्या. तिच्या जिवाचा संताप झाला, आणि त्याहून जास्त तिला भीती वाटली.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. पडद्यावर करडं धुकं होतं, त्यात कुठे काही धड दिसेना. मग त्यांनी कानाला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. यंत्राला दोष द्यावा की बाईला, हे न कळल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"ठोके आहेत," त्या म्हणाल्या. "अगदी चांगले आहेत. फक्त लांबून येतायत."

त्याच सुमारास पहिली तक्रार आली. एका दुकानाने अख्खी खेप परत पाठवली होती. सरळ कापाचा साधा सुती ड्रेस, गेल्या हंगामात हातोहात खपलेला. म्हणणं असं की पुढून नीट बसत नाही, पोटावर फुगा येतो. मॅडमनी मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तरांनी ड्रेस टेबलावर पसरला, त्यावर कागदी पॅटर्न ठेवला, आणि चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. कापडाची कड कडेला जुळत होती. शिवणी जागच्या जागी होत्या. मग त्यांनी कापडावर संशय घेतला. कापड विणताना उभा धागा ताणलेला असतो आणि आडवा सैल. ताग्याचा ताण सारखा नसला की धुतल्यावर कापड कुठेही फुगतं. मास्तरांनी तुकडा कापून धुतला, वाळवला, पुन्हा मोजला. एक सूतही फरक नव्हता. टेबलावर तो ड्रेस मुकाट सपाट पडून होता. दांडीवर टांगला की घटकाभरात त्याचं पोट पुढे यायचं.

इस्त्रीवाल्याने वाफेची इस्त्री मारून मारून हात टेकले. त्याच्या शिव्या सॅम्पल रूमपर्यंत ऐकू यायच्या. दाबलं की बसायचं, टांगलं की यायचं. आणि दुसऱ्या दुकानाची खेप आली, मग तिसऱ्या. वेगळं कापड, वेगळा काप, कुठे बारीक छपाई, कुठे जाड खादीसारखं विणकाम. फुगा एकाच जागी, बेंबीच्या किंचित खाली. आणि महिन्यापूर्वी आलेल्या खेपेचा फुगा आता महिन्यापूर्वीपेक्षा मोठा झाला होता.

मिडियमला हे सगळं उडत उडत कळत होतं. तिच्या मनात काही जुळलं नव्हतं असं नाही. जुळू द्यायचं नव्हतं. एका दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, ती गोदामात गेली. लांबलचक खोली, वरच्या झरोक्यांतून ऊन आत आलेलं, नव्या कापडाचा तो कडक खळीचा वास. परत आलेला माल दांड्यांवर ओळीने टांगला होता. शेवटपर्यंत ड्रेसच ड्रेस, बिनडोक्याचे, बिनपायांचे, आणि प्रत्येकाचं पोट पुढे आलेलं. सातव्या महिन्याचं पोट जसं असतं तसं. वारा नव्हता.

ती जवळच्या ड्रेसपाशी गेली. निळा होता, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा. आपल्याच अंगावर बेतलेला तिला ओळखू आला. तिने गळ्यातून आत डोकावलं. आत काही नव्हतं, पलीकडची शिवण दिसत होती. मग तिने त्या पोटावर हात ठेवला.

कापड ऊबदार होतं.

आणि तिच्या तळव्याखाली आतून कुणीतरी लाथ मारली.

ती किती वेळ तिथे उभी होती कुणास ठाऊक. उभं राहायची सवय होतीच. ओळीतल्या दुसऱ्या ड्रेसवर हात ठेवला, तिथेही तेच. त्याच क्षणी, तीच लाथ. तिला घाबरायला हवं होतं. घाबरलीही. पण त्याआधी तिला हसू आलं, आणि ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं. मग तिने आपल्या पोटाकडे पाहिलं. सगळं जग पोटुशी राहिलंय आणि आपण तेवढ्या कोरड्या, असं तिच्या मनात आलं, आणि तोंड कडू झालं.

त्यानंतर ती रोज दुपारी जेवणाचा डबा घेऊन गोदामात बसायला लागली. पोटभर जेवायची, दोघांचं जेवायची. टेप हलत नव्हता, तेव्हा आता भीती कसली.

आठव्या महिन्यात मॅडमचा धीर सुटला. मालाला जागा पुरत नव्हती आणि दुकानदारांचे फोन थांबत नव्हते. नापास झालेला माल चोरून बाजारात जाऊ नये म्हणून तो कापून टाकायची पद्धत असते. सरळ पुढच्या भागावर कात्री चालवायची, म्हणजे कुणाला घालता येत नाही, मग चिंध्यांच्या भावात विकायचा. मॅडमनी तो हुकूम मास्तरांना दिला. मिडियम तेव्हा टेबलाशेजारी टाचण्यांमध्ये उभी होती. हुकूम ऐकून ती हलली आणि एक टाचणी कमरेत खोल गेली. मास्तर ओरडले नाहीत. तिचा चेहरा बघून त्यांनी टाचणी तेवढी हलकेच काढून घेतली.

मग ते मोठी कात्री घेऊन गोदामाकडे निघाले आणि ती तशीच, अर्धवट टाचलेल्या ड्रेसमध्ये, त्यांच्या मागे धावली. दारात तिने त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत तिने त्यांना कधी हात लावला नव्हता.

"मास्तर, कापू नका. त्यात माझं मूल आहे."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या सपाट पोटाकडे पाहिलं. ते काही तिला वेडी म्हणाले नाहीत. इतके दिवस तेही त्या मालाला हात लावत होतेच की. त्यांनी पहिल्या ड्रेसवर तळवा टेकवला, थोडा वेळ ठेवला, आणि झटकन मागे घेतला. कात्री त्यांनी खाली फरशीवर ठेवली, पाती मिटून.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

"आठवा सरत आलाय."

मास्तर खुर्ची ओढून बसले. म्हातारा माणूस, घरी नातवंडं. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. मग ते मॅडमकडे गेले आणि खोटं बोलले. म्हणाले, एवढा माल फुकट घालवू नका, मी पोटावरची शिवण उसवून बसवून देतो, थोडा अवधी द्या. मास्तरांचा शब्द कारखान्यात खोटा पडत नसे, म्हणून मॅडमनी दिला. उसवलं त्यांनी काहीच नाही. रोज गोदामाला कुलूप लावून किल्ली खिशात घालून ते घरी जायचे.

मग एका सकाळी ती कामावर पोचली तर मास्तर फाटकातच उभे होते.

"सपाट झाले," ते म्हणाले.

तिला कळायला वेळ लागला.

"सगळे. रात्रीतून. आत कुणी नव्हतं. मी स्वतः उघडलं."

ती गोदामात धावली. ड्रेस ओळीने लटकत होते, सरळ, सपाट, नव्यासारखे. तिने एकेकावर हात ठेवला. कापड गार होतं. ती वाकून दांड्यांखाली बघू लागली, खोक्यांच्या मागे, ताग्यांच्या फटीत, कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या ढिगात. हाताने चिंध्या उपसल्या. कान देऊन ऐकलं. शिलाई मशीनं सुरू झाली होती, त्यांच्या घरघरीत काही ऐकू येईना. मग तिला आपला ब्लाउज ओला लागला. दोन्हीकडून.

दूध होतं.

मॅडम खूष झाल्या. मास्तरांची पाठ थोपटली, माल गाड्यांत भरला, संध्याकाळपर्यंत गोदाम रिकामं. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, आधीचे कागद पाहिले, पुन्हा तपासलं, आणि काही स्त्रियांना फार इच्छा असली की शरीरच फसवतं, असं समजुतीच्या स्वरात सांगितलं. नवरा ऐकून घेऊन गॅलरीत निघून गेला. सासूबाईंचं तोंड मात्र सुरू राहिलं. दूध कित्येक दिवस येत राहिलं आणि ती मोरीचं दार लावून ते पिळून टाकत राहिली. सोमवारी टेप लागला. आकडा तोच.

वर्ष सरून वर काही महिने गेले असतील. नव्या हंगामाचं पहिलं सॅम्पल तिच्या अंगावर चढवलं, मास्तर दोन पावलं मागे सरकले, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ड्रेसच्या खालच्या काठावर, डाव्या बाजूला, कापड चुरगळलेलं होतं. लिंबाएवढी जागा. नुकती इस्त्री केलेला ड्रेस होता. त्यांनी हाताने ताणून सरळ केलं. ती चार पावलं चालून परत आली, तर तिथेच पुन्हा चुण्या. आणि त्या चुण्यांपाशी काठ किंचित खाली ओढल्यासारखा.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तरांनी इस्त्रीवाल्याला हाक मारली नाही.

"सावकाश चाल," ते एवढंच म्हणाले.

ती सावकाश चालली. मशीनवरच्या बायका हसल्या, मिडियमला आता राणीची चाल सुचायला लागली म्हणाल्या. हसू देत. तिने डावा हात खाली सोडला आणि बोटं अर्धवट मिटली. हाताला काही लागलं नाही. पण काठ ओढलेला होता, अगदी हलका, आणि ती थांबली की तो सैल पडायचा.

कारखान्याच्या कपड्यांतच ते व्हायचं. बाकी कुठल्या साडीला नाही, झग्याला नाही. म्हणून तिने बारीकसारीक खोट असलेले ड्रेस कारखान्यातून घरी न्यायला सुरुवात केली आणि घरीही तेच घालू लागली. सासूबाईंनी नाक मुरडलं. या वयात हे काय सोंग, म्हणाल्या. ती कुणाचं ऐकत नव्हती. जिने चढताना एकेका पायरीवर थांबायची. रस्ता ओलांडताना डावीकडे सांभाळायची. हंगामामागून हंगाम गेले आणि ती मुठीची खूण काठापासून वर वर सरकत गेली. गुडघ्यापाशी आली. गुडघ्याच्या वर आली. मास्तर टाचण्या लावता लावता त्या खुणेकडे बघायचे आणि कधी कधी खडूने बारीक रेघ ओढून ठेवायचे, जसं घरात मुलांच्या उंचीसाठी भिंतीवर करतात तसं. दोघं याबद्दल कधी बोलले नाहीत. त्या काही वर्षांत ती सुखी होती, आणि तिला सुखी म्हणणारा जगात एकही माणूस नव्हता.

मग मॅडमनी मधलं माप बदललं. बायकांची अंगं बदलली आहेत म्हणाल्या, दुकानांकडून आकडे आलेत, मिडियम आता पूर्वीचं मिडियम राहिलेलं नाही. नवी मुलगी घेतली, उंच, रुंद खांद्यांची, हसरी. मिडियमला त्यांनी केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अगदी गोड आवाजात सांगितलं. इतकी वर्षं तिने अर्धा इंच ढळू दिला नव्हता, आणि आता मापच उठून दुसरीकडे गेलं. ती भांडली नाही. भांडायला तिला नोकरीचं काही वाटतच नव्हतं. घरी ड्रेसांची चळत होती, तेवढी आयुष्यभर पुरली असती.

घरी गेली. चळतीतला एक ड्रेस घातला. दारापासून खिडकीपर्यंत सावकाश चालली.

काठ सरळ होता.

दुसरा घातला. तिसरा घातला. सगळे घातले. सासूबाई दारात येऊन बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कारखान्यात गेली. पहारेकऱ्याने ओळखून आत सोडलं. मास्तर टेबलापाशी होते. खिळ्याला नवा कोरा पुठ्ठा टांगलेला होता.

"माझा कुठंय?" तिने विचारलं.

मास्तरांना तिच्या नजरेला नजर देता येईना. नवा पुठ्ठा पहिल्यापासून आखायचा म्हणजे फार वेळ जातो. सगळेच मास्तर करतात तसं त्यांनी केलं होतं. जुना पुठ्ठा खाली ठेवला, त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली, आणि खांद्याला, कमरेला थोडं थोडं वाढवत नेलं. जुना मॅडमनी त्याच दिवशी फेकायला लावला.

"हाताला सवय गं," ते म्हणाले. "माझ्या लक्षातच आलं नाही."

तेवढ्यात कपडे बदलायच्या खोलीचं दार उघडलं आणि नवी मुलगी बाहेर आली. अंगात नव्या हंगामाचा हिरवा ड्रेस. मशीनच्या दोन रांगांमधून ती येत होती, छोटी छोटी पावलं टाकत. कुणीतरी म्हणालं, अगं पटपट ये की. ती ओशाळून हसली.

"भरभर चालवतच नाही हो," ती म्हणाली. "काय होतंय कोण जाणे."

तिच्या डाव्या बाजूला, मांडीच्या मध्यावर, कापड मुठीत धरल्यासारखं गोळा झालं होतं.

मिडियम पुढे झाली. हाक मारायला तिने तोंड उघडलं, तेव्हा तिला कळलं की आपण नावच ठेवलेलं नाही. इतक्या वर्षांत, ना मनात, ना ओठांवर. ती तशीच फरशीवर गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हात पुढे पसरले. मशीनं एकेक करून थांबली. नवी मुलगी जागच्या जागी उभी राहिली, बावरून, पाय जुळवून.

डाव्या बाजूच्या चुण्या हळूहळू सुटल्या. कापड सरळ झालं.

मिडियमने श्वास रोखला.

मग ड्रेसच्या मागच्या बाजूला, पलीकडे, उजव्या अंगाला, हिरवं कापड पुन्हा गोळा झालं. या वेळी दोन ठिकाणी, दोन्ही मुठींनी, घट्ट. परकं माणूस समोर आलं की मुलं जशी आईच्या मागे लपतात, तसं.